गहिनीनाथ मापाडी यांच्या तीन किलो ओलीची बखर

सोनईच्या पारावर बसणाऱ्या थोरामोठ्यांचे हुजुरास विज्ञापना ऐसी जे, आपण चहाची दुसरी बशी तोंडास लावतेवेळी आज्ञा केली की, गहिनीनाथराव मापाडी यांचे देहावर पाण्याने चाल केली आणि त्यांचे कुटुंब कडूबाईसाहेबांनी ती मोडून काढिली, तो मजकूर अथपासून इतिपर्यंत लिहिणे, पुढील पिढ्यांस ठाऊक असावा. ऐशास आज्ञा मान्य करून, जे घडले तेच लिहिले आहे. पदरचे काही घातले नाही. मीठ तर मुळीच नाही.

मौजे सोनई, तालुका नेवासे, येथील गहिनीनाथराव हे कांद्याचे बाजारात मापाडी होते. गोणी काट्यावर चढली म्हणजे तिचे वजन मोठ्याने पुकारावे, हा त्यांचा हुद्दा, आणि आवाज ऐसा की पुकारा जाहला म्हणजे शेतकऱ्याचे काळीज आणि व्यापाऱ्याची लेखणी एकाच वेळी थबके, आणि पलीकडे चहावाल्याचे दूध उतू जाई. वजन पुकारण्याची रीत ऐसी की आधी ढोबळ धरावे, मग गोणीचे, म्हणजे बारदानाचे, म्हणून थोडे, मातीचे म्हणून थोडे, आणि माल ओला असेल तर ओलीचे म्हणून थोडे, ऐसी घट वजा करावी, आणि उरेल ते निव्वळ म्हणावे. दुसरी रीत याहून कडक. मापाड्याचा स्वतःचा कांदा बाजारात आला, तर त्याने काट्यास हात लावू नये, दूर उभे राहावे, आणि दुसरा मापाडी मोजील ते मुकाट्याने मान्य करावे. ही रीत गहिनीनाथरावांनी हयातभर पाळिली आणि पाळविली. एके समयी एक नवखा मापाडी स्वतःचीच गोणी मोजू लागला, तेव्हा रावांनी त्यास कानास धरून काट्यावरून उतरविले, आणि त्याचे तीर्थरूप आले, त्यांसही उतरविले, मग शांतपणे डबा खाल्ला.

ऐसे नामांकित पुरुष, परंतु काळीज फितूर जाहले. त्याचा मजकूर येणेप्रमाणे. माणसाचे हृदय म्हणजे विहिरीवरील मोटर. ती जुनी जाहली, दाब देईनाशी जाहली, आणि पाणी पुढे जाण्याचे सोडून मागेच तुंबू लागले, ते आधी घोट्यांत उतरले, मग पोटऱ्यांत चढले, आणि मग फुफ्फुसांच्या वेशीवर येऊन बसले. दम लागू लागला, आडवे पडवेना. नगरच्या इस्पितळात नेले. दाक्तरांनी हृदय कमजोर जाहल्याचा निवाडा दिला, आणि रावांस पलंगावर कैद केले.

दैवाची थट्टा ऐसी की, नेमके त्याच समयी कन्या सविता हिचे पहिले बाळंतपण माहेरी, सोनईस, होऊन बारशाचा मंडप दारी पडला होता. घरचा कारभारी नाकात नळी घालून नगरास, आणि नातवाचा पाळणा सोनईस. चिरंजीव कल्याण, जे नागापुरास कारखान्यात नोकरीस असत, त्यांनी मोबाईलवर पाळणा दाखविण्याची तजवीज केली. आजोबांनी डोळे लाविले, आत्याबाई बाळाचे कानाशी वाकल्या, आणि रेंज गेली. नातवाचे नाव रावांस अखेर सिस्टरकडून समजले, तेही सुई टोचता टोचता. हा सल खोल रुतला. पुढे जे जे घडले, त्याचे मूळ या सलात आहे, हे वाचणाऱ्याने ध्यानी ठेवावे.

कैदेतून सुटका जाहली तेव्हा इस्पितळातील यशोधरा सिस्टर, ज्या हृदयाच्या दुखणाईतांचा सांभाळ करीत, त्यांनी रावांशी तह केला. तहाची कलमे समजावून सांगितली ती ऐसी की, रोज सकाळी लघवी करून, काही खाण्यापूर्वी, एकाच काट्यावर वजन करावे आणि फोनवर कळवावे, मीठ अगदी कमी करावे, दिवसाचे पाणी दीड लिटरच्या आत राखावे आणि त्यात चहा, ताक, आमटी सगळे मोजावे, गोळ्या आपल्या मनाने न वाढवाव्या न सोडाव्या, जमेल तितके चालावे, आणि दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन चढले, पाय सुजले वा उशी वाढवावी लागली, तर वाट न पाहता सांगावे. राव म्हणाले, “वजनाचं मला शिकवू नका. गोण्यांचे डोंगर मोजल्यात.” सिस्टरांस हा शब्द कौल वाटला. तो धोका होता.

घरी येताच कडूबाईसाहेबांनी कारभार हाती घेतला. मिठाची बरणी माळ्यावर नजरकैदेत ठेविली, लोणच्याची बरणी शेजारी राहीबाईंकडे हद्दपार केली, पापडाचा डबा कल्याणासोबत नागापुरास रवाना केला, आणि पहिल्या दिवशीची आमटी ताटात वाढिली. रावांनी एक घास घेतला, आणि सभोवार पाहून विचारिले की, “कोन गेलं?”

“कोन कशाला जाईल?”

“मग ही आमटी हाय का सुतक?”

“लिंबू पिळा. लसूण लई घातलाय.”

“लिंबू पिळून सुतक आंबट हुईल.”

“अवो, मी बी तेच खाते ना! मी काय वेगळी चूल मांडली? गिळा.”

मग रावांनी गिळिले. कडूबाईसाहेब खरोखरच तेच खात होत्या, हे पाहून राव अंमळ वरमले, परंतु वरमल्याने आमटीस चव आली नाही.

अंतर्गत बंदोबस्त ऐसा जाहला, तो बाहेरून वेढा पडला. आपल्या मुलखाची रीत ऐसी की, माणूस दुखण्यातून उठला म्हणजे त्यास पाहावयास सारा गाव येतो, आणि रिकाम्या हाताने येत नाही. पहिली स्वारी रामहरी यांची. हे रावांचे बालमित्र. मोटारसायकलीचे हँडलास दोहीकडे शहाळी लटकावून, जणू तोफा जुंपल्या, ऐसे दारी आले, आणि अंगणातूनच ललकारले की, “वैनी, आजाऱ्याला पानी पाहिजे, पानी! गरमी उतरती!” कडूबाईसाहेब पेचात पडल्या. शहाळे आत जाऊ द्यावे तर तह मोडतो, परत पाठवावे तर मैत्री मोडते. मग साहेबांनी उंबऱ्यातच उभे राहून शहाळे तोंडास लाविले आणि एका दमात संपविले, आणि दुसरेही संपविले, आणि म्हणाल्या, “भावजी, त्यांच्या वाटचं मी प्याले. मान पोचला.” रामहरी चकित होऊन माघारी गेले. मागाहून दुसरे आले, तिसरे आले, कोणी शहाळे, कोणी सरबताची बाटली, कोणी उसाचा रस पिशवीत बांधून. साहेबांनी प्रत्येकाचा मान उंबऱ्यातच ठेविला. वेढा उठला तेव्हा रावांचे प्रकृतीत काही फरक नव्हता, परंतु साहेबांच्या चेहऱ्यावर मोठे तेज आले होते.

शेजारीण राहीबाई यांचा चहा मात्र तोफेहून दारुण. त्यांचे घरात जो पाय ठेवील त्यास पेलाभर चहा, आणि नको म्हटले तर, “आमच्या घरचा गोड लागंना व्हय आता?” हा वार ठरलेला. राव सकाळी पारापर्यंत चालावयास निघत, आणि वाटेत राहीबाईंचे दार लागे, आणि परतताना तेच दार पुन्हा लागे. कडूबाईसाहेबांनी वकिली करून तोड काढिली की, चहा द्यावा परंतु संक्रांतीच्या बोळक्यात द्यावा. राहीबाईंनी माळ्यावरून बोळकी काढिली, धुतली, आणि त्यात चहा ओतिला, तो दोन घोट भरला. रावांनी तो ऐसा प्याला की जणू तीर्थ.

ऐसे दोन वर्षे सुरळीत चालले असता कर्जताहून खलिता आला. खलिता म्हणजे व्हॉट्सअॅपावर गुलाबी पाळण्याचे चित्र. सविता सासरी दुसऱ्याने बाळंत जाहली, कन्यारत्न जाहले, आणि बारशाचा बेत ठरला. रावांनी चित्र पाहिले, धोतराचे सोग्याने मोबाईल पुसला, आणि म्हणाले, “या बारश्याला मी जानार.” यशोधरा सिस्टरांस विचारिले. त्यांनी दाक्तरांचा हुकूम सांगितला की, वजन अडुसष्टाचे आसपास स्थिर राहिले तर खुशाल जावे, चढले तर आधी इस्पितळात यावे, मग पुढचे पाहू.

येथून फितुरी सुरू होते. फितूर कोण, तर खासे रावच.

कल्याणाने बापासाठी काचेचा सुंदर वजनकाटा आणिला होता. रावांनी तो भिंतीशी टेकवून ठेविला, कारण त्यावर पाय ठेवणे म्हणजे ताटावर पाय ठेवणे, ऐसे त्यांचे म्हणणे. ते घरच्या कांदाचाळीतील मोठ्या इलेक्ट्रिक काट्यावर उभे राहत. लाल आकडे पेटत, राव ते वाचीत आणि तेथूनच फोन करीत. आता त्या दिवसांत रामहरी यांनी मित्राचे हाल न पाहवून एक गुप्त रसद पोहोचविली होती. ती सैंधवाची पुडी. रामहरी यांचे शास्त्र ऐसे की, “हे मीठ न्हाई, हे उपासाचं हाय. उपासाला चालतं ते आजाराला चालनार न्हाई व्हय?” रावांस हे शास्त्र फार पटले. पुडी बंडीच्या खिशात गेली, आणि साहेबांची पाठ वळली की चिमूट आमटीत गेली, आणि मिठामागे तहान आली, आणि तहानेमागे तांब्या आला, आणि तांब्यामागे ओल आली.

लाल आकडा एकोणसत्तर जाहला. रावांनी काट्यावर उभे राहून विचार केला की, अंगावर धोतर आहे, बंडी आहे, करगोटा आहे, हे बारदानच की. ते वजा जाता अडुसष्ट. फोनवर अडुसष्ट पुकारिले. मग आकडा सत्तर जाहला. राव म्हणाले, पायास चाळीची माती आहे, मातीची घट. अडुसष्ट. मग आकडा एकाहत्तर जाहला, आणि धोतर तेच, बंडी तीच, माती तितकीच. तेव्हा राव क्षणभर गोंधळले, परंतु मापाड्याचा अनुभव कामी आला, आणि त्यांनी ठरविले की, माल ओला आहे. ओलीची घट. अडुसष्ट. यात रावांनी लबाडी केली ऐसे कोणी समजू नये. ते मनोभावे हिशेब करीत होते. फक्त प्रत्येक हिशेबाचे अखेरीस कर्जत येत होते.

इकडे देहाने मात्र खरे बोलणे सोडिले नव्हते. एका उशीवर निजणारे राव दोन उश्यांवर गेले, मग तिसरी मागितली, ऐसा पलंगावर बुरूज उभा राहिला. चपलेचा पट्टा घोट्यात रुतू लागला. पारापर्यंत जाणारी स्वारी राहीबाईंच्या दारापाशीच दम घेऊ लागली, आणि राहीबाईंस वाटले की बोळक्याची गोडी लागली.

मग एके सकाळी कडूबाईसाहेब राखेची पाटी घेऊन कांदाचाळीमागे निघाल्या, तो चाळीत राव काट्यावर उभे राहून फोनवर धापा टाकीत पुकारीत होते की, “अडुसष्ट! येकदम ठनठनीत!” आणि त्यांचे पायांखाली लाल अक्षरांत एकाहत्तर पेटले होते. साहेबांनी पाटी खाली ठेविली. यानंतर जे संभाषण जाहले ते जसेच्या तसे देणे भाग आहे.

“अवो, तिथं तर येकाहत्तर हाय.”

“ते ढोबळ हाय. मी निव्वळ सांगतोय.”

“निव्वळ म्हंजी?”

“बारदान वजा.”

“कुठं हाय गोनी?”

“धोतर हाय. बंडी हाय. करगोटा हाय.”

“तीन किलोचा करगोटा? म्हशीचा घातला का काय?”

“समदं त्यातच न्हाई. ओलीची घट बी हाय त्यात.”

“कसली ओल?”

“मालाला ओल असती. ती धरत न्हाईत. बाजाराची रीतच हाय तशी, तुला न्हाई कळायचं.”

फोन चालूच होता. पलीकडे यशोधरा सिस्टर सारे ऐकत होत्या. त्यांनी हाक मारून सांगितले की फोन स्पीकरवर करा, आणि मग ज्या शब्दांनी या मोहिमेचे पारडे फिरले, ते शब्द बोलिल्या.

“काका, आम्हाला माल नकोय. आम्हाला ती ओलच मोजायची आहे.”

राव काट्यावर उभे होते ते उभेच राहिले. चाळीत कांद्यांखेरीज कोणी हलेना, आणि कांदेही हलत नव्हते. उभ्या हयातीत ओल ही फेकून देण्याची वस्तू, आणि सारा आजार त्या फेकलेल्या तीन किलोंत बसला होता, हे त्यांचे ध्यानी हळूहळू उतरू लागले, आणि उतरता उतरता त्यांनी कांद्याचे ढिगाचा आधार घेतला.

सिस्टरांचे फर्मानाप्रमाणे साहेबांनी त्यांस खाली बसवून नडगीवर अंगठा दाबिला, आणि काढिला. खळगा तसाच राहिला. साहेब फोनात म्हणाल्या, “शिस्टर, हरभरा बसंल एवढा खड्डा पडलाय.” सिस्टरांनी विचारिले, रात्री उश्या किती. साहेब म्हणाल्या, तीन. सिस्टरांनी दाक्तरांस विचारून सांगितले की, उद्यावर टाकू नका, आजच या. बंडी काढविली तेव्हा खिशातून सैंधवाची पुडी निघाली. तिजविषयी सिस्टरांचा निवाडा ऐसा की, उपासाचे असो वा पंगतीचे, मीठ ते मीठच. पुडी साहेबांनी फोडून म्हशीच्या आंबोणात घातली. म्हशीने आनंद मानिला.

शेजारची जीप करून नगरास निघाले. वाटेत राव खिडकीबाहेर पाहत आपण होऊन बोलिले. “मागल्या बारश्याला मी पलंगावर हुतो. नातवाचं नाव मला शिस्टरनं सांगितलं, कडू. सुई टोचता टोचता.”

साहेबांनी पदर सावरिला. मग म्हणाल्या, “मला ठावं हाय. पर खोट्या वजनावर गेला असता, तर तितं पाळन्याखाली तुमालाच आडवं करावं लागलं असतं. आन् पाळना म्हनत म्हनत मी कुनाच्या नावानं रडले असते, पोरीच्या का तुमच्या?”

रावांस ज्या मोहिमेवर जावयाचे होते, तीच मोहीम त्यांनी घट लावून जवळजवळ बुडविली होती.

दाक्तरांनी तपासून पलंग दिला नाही, हे मोठे नशीब. लघवीची गोळी काही दिवस वाढविली, रक्त तपासावयास घेतले, आणि हुकूम सोडिला की, वजन उतरले आणि दम गेला तर कर्जत, न उतरले तर पलंग. बारसे तोंडावर आले होते. अवधी थोडा, गनीम अंगात.

परत आल्यावर कडूबाईसाहेबांनी चाळीतच दरबार भरविला. राहीबाई आल्या. रामहरीही आले, परंतु पुडीचे कारणाने मान खाली घालून आले. साहेबांनी रावांस पुसिले की, “बाजारात मापाड्याचा कांदा आला तर कोन मोजतं?”

“दुसरा मापाडी.”

“का?”

“आपला माल आपन मोजायचा न्हाई.” हे बोलताच रावांस कळले की आपण आपल्याच हाताने वेशीचा दरवाजा उघडिला.

“मग हा कुनाचा माल हाय?” ऐसे म्हणोन साहेबांनी रावांकडे बोट केले.

रावांनी काट्याकडे पाहिले. पुढे रामहरीच बोलिले, “गैनाथ, त्या पोराला कान धरून उतरीवलं हुतं तू. त्याच्या बापाला बी.” तेव्हा रावांनी डोक्यावरची टोपी काढिली, काट्यासमोर ठेविली, आणि म्हणाले, “आजपासून माझा मापाडी कडू.” येणेप्रमाणे मापाडीपणाची सनद साहेबांस मिळाली, आणि रावांनी एकच अट घातली की, मोजलेले पुकारावे लागते, कुजबुजावयाचे नाही. ती त्यांस पुढे बहुत नडली.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी राव काट्यावर उभे राहत, आणि साहेब आकडा वाचून साऱ्या आळीस ऐकू जाईल ऐसा पुकारीत, “सत्तर आन् अर्धा! घट न्हाई!” आणि आळीतील बाया तो ऐकून आपापल्या चुली ठरवीत. आकडा चढा असेल तर राहीबाई बोळकेही लपवीत, आणि खिडकीतून दर्शन फक्त देत. गोळीचा अंमल सुरू जाहला, तेव्हा दुपारपावेतो स्वारीच्या संडासाकडे ऐशा काही फेऱ्या होऊ लागल्या की, मध्ये कोणी गाठून बोलू पाहिले तर राव हातानेच थोपवीत आणि पुढे जात. ओल मुलखाबाहेर चालली. पाण्यासाठी एक बाटली ठरवून दिली, तीच सकाळी भरावी आणि तीच दिवसभर पुरवावी. तहान फार जाहली तर तोंडात लिंबाची फोड धरावी. राव फोड तोंडात धरून पारावर बसत, त्यामुळे त्यांचा चेहरा सदा कोणावर तरी नाराज असल्यासारखा दिसे, आणि गावातील तंटे आपोआप कमी जाहले.

मध्येच एके दिवशी अनर्थ जाहला. आदले दिवशी एकोणसत्तर पुकारिले होते, आणि सकाळी साहेबांस काट्यावर नको तो आकडा दिसला, परंतु पुकारणे प्राप्त होते, म्हणोन पुकारिले, “एकोनसत्तर आन् अर्धा!” आळी सुन्न जाहली. मग चौकशी बसली. कोणी काय दिले, ज्याने त्याने सांगावे.

“मी न्हाई. माझं बोळकं बी कोरडंच हाय,” राहीबाई म्हणाल्या.

रामहरी खाकरले. “मी येक पापड दिला, वैनी. भाजलेला.”

“भाजला म्हनून मीठ उडून जातं व्हय, भावजी?”

“न्हाई... पर तो म्हनला, येकच.”

“मी म्हनलो न्हाई,” राव तोंडातील फोड बाजूस सारून म्हणाले, “मी नुसतं बघितलं.”

“बघून अर्धा किलो चढला?”

“लई मन लावून बघितलं.”

या जबानीवर आळी हसली, आणि राव स्वतः हसले, आणि हसताना त्यांस दम लागला नाही. हे दुसऱ्या कोणी त्या समयी टिपले नाही, परंतु कडूबाईसाहेबांचे नजरेतून सुटले नाही. त्यांनी सिस्टरांस पापडाचा वृत्तांत कळविला. सिस्टरांनी गोळी तीच ठेविली आणि पापड बंद केला. रामहरी यांनी प्रायश्चित्त म्हणोन रोज सकाळी रावांसोबत पारापर्यंत चालण्याचे पत्करिले, आणि वाटेत काहीही न देण्याची शपथ घेतली, आणि ती पाळिली, कारण साहेबांनी त्यांचे खिसे झडती घेऊनच सोडिले.

मग आकडा पुन्हा उतरू लागला, आणि चपलेचा पट्टा घोट्यातून सुटला, आणि बुरुजावरील तिसरी उशी खाली आली. बारशाचे आदले सकाळी राव काट्यावर उभे राहिले. आळीच्या खिडक्या उघड्या होत्या. रामहरी मोटारसायकल बंद करून थांबले होते. राव आकड्याकडे पाहत नव्हते, समोर भिंतीकडे पाहत होते, कारण स्वतःच्या मालाचा आकडा मापाडी सांगतो. कडूबाईसाहेब वाकल्या, वाचिले, पुन्हा वाचिले, आणि डोळ्यांस पदर लाविला, आणि मग ऐसा पुकारा केला की बाजारातील जुने दिवस आठवावे.

“अडुसष्ट! घट न्हाई! ढोबळ आन् निव्वळ येकच!”

राहीबाईंनी खिडकीतून बोळके उंच धरिले.

सिस्टरांची परवानगी मिळाली, ती ऐसी की गोळ्या सोबत न्याव्या, जेवणात मीठ वेगळे वाढून घेऊ नये, आणि काटाही न्यावा. मग कल्याणाने गाडी काढिली, मागे भिंतीचा कैदी काचेचा काटा मांडीवर घेऊन साहेब बसल्या, आणि स्वारी कर्जतास दाखल जाहली. व्याह्यांनी गळाभेट केली आणि सरबताचा पेला पुढे केला. राव तो पाहत राहिले, आणि म्हणाले, “आमच्या मापाड्याला विचारा.” मापाड्याने दोन घोट मंजूर केले.

पाळणा सजला. आत्याबाई वाकल्या, आणि या खेपेस रेंजेचा प्रश्न नव्हता. राव पाळण्याशी इतके जवळ उभे होते की नाव त्यांनी आत्याबाईंच्याच तोंडून, बाळापाठोपाठ जगात सर्वांआधी, ऐकिले. पंकजा. ते त्यांनी मनात एकदा पुकारिले, आणि त्यात कशाचीच घट लाविली नाही.

मग व्याही हौसेने म्हणाले की, व्याहीबुवा, तुम्ही नामांकित मापाडी, तर नातीचे वजन तुमच्याच हातून व्हावे. काचेचा काटा मधोमध मांडिला. साऱ्या मंडळींनी रावांकडे पाहिले. राव एक पाऊल पुढे आले, थांबले, आणि दोन पावले मागे सरले. हात पाठीमागे बांधून म्हणाले, “मला न्हाई चालायचं. आपला माल हाय. कडू, तू मोज.”

कडूबाईसाहेबांनी बाळास घेऊन काट्यावर पाय ठेविला, मग बाळ सवितेस देऊन एकट्या उभ्या राहिल्या, आणि वजाबाकी करून आकडा ऐसा पुकारिला की पंकजा दचकून रडू लागली, आणि तिच्या रडण्याचा आवाज ऐकून व्याही म्हणाले, ही तुमच्याच घराण्याची. राव कानास हात लावून म्हणाले, दुपट्याचे वजन धरिले की नाही. साहेब म्हणाल्या, “दुपट्यासकट. या मालाला घट न्हाई.”

दुपारची जेवणे होऊन राव ओसरीवर आडवे जाहले. सासरच्या मंडळींनी मानाने दोन उश्या दिल्या होत्या. रावांनी डोके टेकिले, दम पाहिला, मग वरची उशी ओढून बाजूस ठेविली, आणि एका उशीवर सरळ निजले, आणि घोरले. साहेब जवळ बसून काही वेळ ते घोरणे ऐकत होत्या. मग सुटलेली उशी उचलून आत गेल्या, आणि बाळास पाजीत बसलेल्या सवितेच्या पाठीशी लाविली.

येणेप्रमाणे गनीम तीन किलो मुलखाबाहेर काढिला. उशी एक जिंकली, ती कन्येकडे रुजू केली. फौजेपैकी मिठाची बरणी माळ्यावरच आहे, शपथ मोडली नाही म्हणोन रामहरी यांचे खिसे माफ केले, परंतु झडती चालू आहे. मापाडीपणाची सनद कडूबाईसाहेबांकडे कायम. पुकारा रोज सकाळी होतो, आळी ऐकते. येथे काटा शून्यावर आणून हकीकत पुरी केली.